अमेरिकन विद्यार्थ्याचे विलायती आजोळ

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम आपलाच विद्यार्थी उभा राहतो. ज्यांच्या नात्यागोत्यातून कोणीच परदेशी गेलेले नाही अशी घरे आमच्या वाचकांत आता थोडीच असतील. आणि जो जातो त्याच्याकडून येणारी गाऱ्हाणी तीन-चार पिढ्यांत फारशी बदललेली नाहीत. थंडी सोसवत नाही, जेवण घशाखाली उतरत नाही, समोरच्या मनुष्याचे शब्द कळतात पण मन कळत नाही. घरातील वडील मंडळी यावर समजूत घालतात की, बाबा रे, देशच परका. भाषा परकी, धर्म परका, अन्न परके, तेव्हा असे व्हावयाचेच.

ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यास एक चांगली कसोटी आहे. ज्याची मातृभाषाच इंग्रजी, ज्यास तेथील अन्नात काही वर्ज्य नाही, ज्याने शेक्सपिअर आपला म्हणून लहानपणी पाठ केला, अशा विद्यार्थ्यास इंग्लंडात काय अनुभव येतो? असा विद्यार्थी म्हणजे अमेरिकन. त्याच्या दृष्टीने इंग्लंड हे जवळजवळ आजोळच. आजोबांशी पूर्वी भांडण होऊन वाटणी झालेली असली, तरी घर ओळखीचे, गोष्टी ऐकलेल्या, भिंतीवरच्या तसबिरी माहीत असलेल्या. अशा घरी पाहुणा म्हणून गेलेल्यास कसले आले परकेपण? परंतु या मंडळींनी मायदेशी पाठविलेली पत्रे नि पुढे लिहिलेल्या आठवणी वाचू लागले म्हणजे असे दिसते की, परकेपणाचे मूळ भाषेत किंवा धर्मात फारसे नसते; ते पहाटेच्या पाण्यात, खोलीच्या दारात आणि जेवणाच्या पंक्तीत असते. या लेखात आम्ही विशेषेकरून ऑक्सफर्डचे आणि प्रसंगाने केंब्रिजचे जुने चित्र देणार आहोत.

अमेरिकन विद्यार्थी इंग्लंडात तुरळक प्रमाणात पूर्वीपासून येत होतेच. परंतु त्यांची वर्षासनी वारी सुरू झाली ती सेसिल ऱ्होड्स याच्या मृत्युपत्रामुळे. हा गृहस्थ १९०२ साली वारला. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींवर त्याने अफाट द्रव्य मिळविले होते. ते कोणाच्या घामावर मिळविले, हा प्रश्न आज खुद्द ऑक्सफर्डच्या रस्त्यांवर मोठ्याने विचारला जातो आणि तो रास्तच आहे. त्या द्रव्यातून त्याने ज्या शिष्यवृत्त्या ठेविल्या, त्यांत अमेरिकेच्या प्रत्येक संस्थानास दोन मिळाव्यात अशी योजना होती. रक्कम वर्षास ३०० पौंड. विद्यार्थी नुसता पुस्तकातील किडा नसावा. त्यास मैदानी खेळांची आवड असावी, अंगी सचोटी आणि पुढारपण असावे, अशा अटी होत्या. आणखी एक वाक्य त्या मृत्युपत्रात होते की, वंश किंवा धर्ममत यांमुळे कोणीही अपात्र ठरू नये. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे. अमेरिकन विद्यार्थ्यांची पहिली तुकडी १९०४ च्या शरदॠतूत ऑक्सफर्डास पोचली.

त्या काळी कॉलेजात दाखल झालेल्या विद्यार्थ्यास दोन खोल्या मिळत. एक बसाउठावयाची, दुसरी निजावयाची. कित्येक इमारती तीन-तीनशे, चार-चारशे वर्षांच्या. दगडी जिना इतका झिजलेला की, पायऱ्यांच्या मधोमध खळगे पडलेले. ज्याच्या स्वतःच्या गावातील सर्वांत जुनी वास्तू आजोबांच्या हयातीत उभी राहिली, अशा विद्यार्थ्यास हे खळगे पाहून भरून येई. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुडहुडी भरे. अमेरिकेतील बऱ्या स्थितीतल्या वसतिगृहात वाफेच्या नळ्यांनी सारी इमारत ऊबदार ठेवण्याची सोय तेव्हाच झालेली होती. येथे प्रत्येक खोलीत कोळशाची एक शेगडी. तिच्यासमोर बसले म्हणजे पोट भाजते नि पाठ गोठते. निजावयाच्या खोलीत तर बहुधा तीही नसे.

स्नानाची तऱ्हा याहून मौजेची. प्रत्येक जिन्यास एक नोकर नेमलेला असे. त्यास ऑक्सफर्डात ‘स्काउट’ म्हणतात. तो सकाळी येऊन पडदे सारी, शेगडी पेटवी, आणि जिन्यावरून पाणी वाहून आणून पलंगाशेजारी एका पत्र्याच्या घंगाळात ओती. त्या घंगाळात अंग मुडपून बसावयाचे आणि वरून तांब्याने पाणी घ्यावयाचे. आमच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. कोकणातल्या किंवा देशावरल्या कोणत्याही जुन्या वाड्यात याहून अधिक ऐसपैस स्नान होत असे, आणि बंबातले पाणी निदान कढत तरी असे. पण जेथे तोटी फिरविताच ऊन पाणी येते अशा घरातून आलेल्या तरुणास, जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठात न्हाणीघर नाही, ही गोष्ट काही केल्या उमजेना. त्याहून त्यास अवघड वाटे तो स्काउट स्वतः. बापाच्या वयाचा तो मनुष्य त्यास ‘सर’ म्हणे, त्याचे जोडे पुसी, न्याहारीचे तबक वर आणी. आमच्या देशी सारे समान, असे पाठ करून आलेल्या मुलास पहिले आठ दिवस लाज वाटे. पुढे सवय होई. ही सवय इतक्या लवकर का होते, याचा विचार मात्र थोडेच करीत.

खोलीस दोन दारे असत. आतले नेहमीचे, बाहेरचे जाड ओक लाकडाचे. बाहेरचे दार लावलेले असले म्हणजे आतील मनुष्यास कोणी हाक मारू नये, ठोठावू नये, असा अलिखित कायदा. एकत्र कुटुंबात, मधल्या खोलीत दहा माणसांच्या रहदारीतून अभ्यास केलेल्या आमच्यासारख्यांस या दाराचा हेवा वाटल्यास नवल नाही. परंतु अमेरिकन मुलास त्या दाराने प्रथम खिन्नच केले. त्याच्या देशात शेजारच्या खोलीत डोकावून, आपले नाव सांगून, हात पुढे करावयाची रीत. येथे नव्या विद्यार्थ्याने जुन्याशी आपण होऊन बोलू नये. जुन्याने येऊन भेटपत्रिका ठेवावी, मग नव्याने परत भेटीस जावे, तेही ठरावीक मुदतीत. जिन्यात समोरासमोर गाठ पडली असता इंग्रज मुलगा भिंतीकडे पाहत निघून जाई. तो उद्दामपणा नसून बहुधा लाजाळूपणा असे, हे कळावयास अमेरिकनास एक हिवाळा जावा लागे.

भाषेविषयी आम्ही वर म्हटले की तीच. पण तीच असण्यानेच घोटाळा होई. पहिला मजला म्हणून सांगितले की अमेरिकन तळमजल्यावर शोधी, कारण त्याच्या देशात तळमजल्यासच पहिला म्हणतात. ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे त्याच्या मते सरकारी मोफत शाळा; येथे पाहावे तो श्रीमंतांच्या मुलांची महागडी खाजगी शाळा. आपल्या ‘पँट्स’ ओल्या झाल्या असे एखाद्या बाईंच्या देखत म्हणावे तर दिवाणखान्यात शांतता पसरे. कारण विजार अशा अर्थाने त्याने वापरलेला शब्द इंग्रजांत आतल्या वस्त्राचा वाचक आहे. परकी भाषा बोलणाऱ्याच्या चुका लोक पोटात घालतात. आपलीच भाषा वेगळ्या सुरात बोलणाऱ्यास कोणी क्षमा करीत नाही. पुणेकर वऱ्हाडात गेला किंवा वऱ्हाडी पुण्यात आला असता काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे विस्ताराने सांगावयास नको.

नाण्यांचे तसेच. डॉलरचे शंभर सेंट, एवढे सरळ गणित शिकलेल्या मुलापुढे बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, आणि शिंप्याच्या बिलात तर एकवीस शिलिंगांची ‘गिनी’, जिचे नाणे केव्हाच बंद झालेले! ज्यांनी रुपये-आणे-पैंचे कोष्टक पाठ केले आहे त्या आमच्या वृद्ध वाचकांस हे सोपे वाटेल. आपल्याकडे १९५७ साली दशमान नाणी आली. इंग्लंडात ती १९७१ पर्यंत यावयाची होती. ऑक्सफर्डचे दुकानदार विद्यार्थ्यास उधार देण्यास फार तत्पर असत. त्यामुळे ३०० पौंडांची शिष्यवृत्ती प्रथम कुबेराचे भांडार वाटे आणि कॉलेजचे बिल आले म्हणजे तिचा तळ दिसू लागे. वर्षातून तीन सत्रे, प्रत्येक आठ आठवड्यांचे. म्हणजे बावन्नांपैकी चोवीस आठवडेच विद्यापीठ. उरलेला काळ सुटी. इंग्रज मुलगा सुटीत घरी जाई. अमेरिकनाने कोठे जावे? खोली तर रिकामी करून द्यावयाची. मग कोणी पॅरिसास, कोणी जर्मनीतील एखाद्या स्वस्त खाणावळीच्या गावी, आणि ज्याचे पैसे सरले तो लंडनात एखाद्या घरमालकिणीच्या मागल्या खोलीत नाताळ काढी. आगबोटीने पत्र जाण्यास आठवडा-दीड आठवडा, उत्तर यावयास तितकाच. घरच्या आठवणीचे दुखणे सत्रात सहसा येत नसे. ते सुटीत येई.

आता शिक्षणाकडे वळू. कारण ज्याकरिता एवढा खटाटोप, तेच त्यास सर्वांत चमत्कारिक वाटे. अमेरिकेतील विद्यार्थी हजेरी, आठवड्याच्या परीक्षा, दरेक विषयाचे गुण, यांच्या जमाखर्चात वाढलेला. येथे पाहावे तो व्याख्यानास जाण्याची सक्ती नाही, मधल्या परीक्षा जवळजवळ नाहीत, कोणी काही विचारीत नाही. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा आपल्या ‘ट्यूटर’च्या खोलीत जावयाचे. तो एक विषय देई, पाच-दहा ग्रंथांची नावे तोंडाने सांगे, आणि पुढील आठवड्यात निबंध घेऊन ये म्हणे. तो निबंध विद्यार्थ्याने स्वतः मोठ्याने वाचावयाचा. समोर शेगडी, पलीकडे खुर्चीत गुरू, बहुधा तोंडात चिलीम, डोळे मिटलेले. वाचन संपले की काही क्षण कोणीच बोलत नाही. मग तो गृहस्थ सौम्यपणे विचारतो की, तुम्ही दुसऱ्या पानावर अमुक शब्द वापरलात, त्याचा अर्थ काय धरलात? आणि त्या एका प्रश्नाने रात्र जागून बांधलेली सारी इमारत खाली बसते.

शास्त्रीबुवांपुढे पूर्वपक्ष मांडून स्वतःच्या शब्दांत सापडलेला शिष्य आपल्याकडे काही नवा नाही. ही पद्धती आपणांस ओळखीची वाटावी. अमेरिकन मुलाचे हाल असे की, चाळीस जणांच्या वर्गात मागल्या बाकावर लपण्याची जी सोय त्यास लहानपणापासून होती ती येथे अजिबात नाहीशी झाली. शिवाय दोन-तीन वर्षांचे सारे माप शेवटच्या एकाच परीक्षेत. ती देतेवेळी काळा पोशाख, पांढरा गळपट्टा, अंगावर झगा. जणू एखाद्या संस्कारासच बसावयाचे. काही अमेरिकन या मोकळिकीत बुडाले. नदी, मित्र नि चहा यांतच त्यांची वर्षे गेली. काहींस मात्र आयुष्यात प्रथमच असे वाटले की, आपले मत म्हणून आपण जे बाळगीत होतो ते कोणाकडून तरी उसने आणलेले होते. आमच्या मते विलायतेच्या सगळ्या सरंजामात परत नेण्याजोगी वस्तू हीच होती.

दुपार खेळाची. दोन ते चार या वेळात कोणी पुस्तक उघडीत नसे. नदी अरुंद, दोन नावा शेजारून जाऊ शकत नाहीत. म्हणून नावा एकामागे एक लावून मागलीने पुढलीस टक्कर द्यावयाची, अशी तेथली शर्यत. चार वाजता चहा. शेगडीवर भाजलेले पाव, लोणी. डिसेंबरात तेथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चहाची वेळ ही दिवेलागणीचीही वेळ. ज्या मुलांनी इंग्लंडास नावे ठेविली त्यांनीही हा चहा मात्र आठवणीत जपलेला आढळतो. रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी क्राइस्ट चर्च कॉलेजची मोठी घंटा एकशे एक टोले देई, आणि मग कॉलेजांचे दरवाजे लागत. पुढे येणाऱ्यास दंड. मध्यरात्र उलटल्यावर आलेल्यास भिंत चढण्यावाचून गती नाही. रस्त्यातून विद्यापीठाचे अधिकारी गोल टोप्यांचे शिपाई घेऊन फिरत आणि झग्यावाचून हिंडणाऱ्या विद्यार्थ्यास नाव नि कॉलेज विचारीत. घरी स्वतःची मोटार हाकणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणास ही शिस्त शाळकरी वाटे.

या दिनक्रमातून जे गेले त्यांच्यावर परिणाम एकसारखा झाला नाही. एडविन हबल हा पुढे जगप्रसिद्ध झालेला ज्योतिषी १९१० ते १९१३ ऑक्सफर्डास कायदा शिकला. परत गेला तो इंग्रजी उच्चार आणि चिलीम घेऊन, आणि ते उच्चार त्याने जन्मभर टाकले नाहीत. कवी टी. एस. एलियट हा हार्वर्डात संस्कृत शिकून १९१४ साली मर्टन कॉलेजात आला. महायुद्धामुळे कॉलेज ओस पडलेले. त्यास ऑक्सफर्ड निर्जीव वाटले. तेथील वादसभेत ऑक्सफर्डच्या अमेरिकीकरणाचा निषेध करणारा ठराव आला, तेव्हा त्याने उलट बाजू मांडली आणि जिंकलीही. गंमत अशी की, हाच मनुष्य पुढे इंग्लंडात राहिला आणि १९२७ साली ब्रिटिश प्रजाजन झाला. जे. रॉबर्ट ओपेनहायमर १९२५ साली केंब्रिजास गेला. प्रयोगशाळेतील ते वर्ष त्यास इतके दुःसह झाले की, तो दुसऱ्याच वर्षी जर्मनीत निघून गेला. आर्कान्सासचा विल्यम फुलब्राइट ऑक्सफर्डास रमला, आणि सिनेटर झाल्यावर १९४६ साली त्याने जी शिष्यवृत्ती-योजना संमत करून घेतली ती आपल्याही देशातील विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. त्याच योजनेखाली सिल्व्हिया प्लाथ ही कवयित्री १९५५ साली केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात आली. केंब्रिजने स्त्रियांस पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडू दिले होते. तेव्हा तिच्या वेळी ही गोष्ट अवघी सात वर्षांची. तिच्या खोलीतील वायूची शेगडी शिलिंगचे नाणे घातल्याशिवाय पेटत नसे. पन्नास वर्षांत कोळसा जाऊन वायू आला होता, थंडी तीच.

असो. आता पंक्तीकडे येऊ.

सायंकाळचे भोजन कॉलेजच्या मोठ्या दालनात. अंगावर झगा घालूनच बसावयाचे. आरंभी लॅटिनमध्ये प्रार्थना. आपल्याकडे पाने वाढून झाल्यावर श्लोक म्हणतात तशी. अध्यापक मंडळी उंच ओट्यावरील मेजाशी, विद्यार्थी खाली लांबच लांब बाकांवर. जेवताना अभ्यासाच्या गोष्टी काढल्या किंवा असाच काही शिष्टाचारभंग केला, तर अपराध्यास दंड म्हणून बिअरचे भले मोठे भांडे मागवावे लागे. खोलीच्या ओक दाराआड जे मिळत नसे ते या बाकांवर मिळे. रोज खांद्यास खांदा लावून बसल्यावर भिंतीकडे पाहणारा इंग्रज केव्हा तरी मिठाची कुपी मागतोच, आणि मैत्री तेथून सुरू होते. कोणत्या पंक्तीस आपणांस बसू देतात, यावरून आपण कोण हे ठरते. ही गोष्ट आपल्या समाजास कोणी शिकवावी असे नाही.

१९०७ साली पेनसिल्व्हेनिया संस्थानातून ॲलन लॉक या विद्यार्थ्याची निवड झाली. फिलाडेल्फियाचा राहणारा, वडील लहानपणीच वारलेले, आई शिक्षिका. अंगाने लहानखुरा नि नाजूक, हृदय अशक्त. हार्वर्डात तत्त्वज्ञान घेऊन उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला. तो नीग्रो, म्हणजे आज ज्यांस आफ्रिकी-अमेरिकन म्हणतात त्या समाजातील होता. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळालेला त्या समाजातील तो पहिलाच. निवड जाहीर झाल्यावर दक्षिणेकडील काही शिष्यवृत्तिधारकांनी विश्वस्तांकडे तक्रार नेली. विश्वस्तांनी निवड फिरविली नाही. मृत्युपत्रातील ते वाक्य आडवे आले. परंतु कित्येक कॉलेजांनी त्यास जागा नाकारली. अखेर हर्टफर्ड कॉलेजने घेतले. आम्ही वर आजोळाची उपमा दिली ती या विद्यार्थ्यास लागू पडत नाही, हे उघड आहे. त्याचे पूर्वज इंग्लंडातून हौसेने गेलेले नव्हते. तरीही शेक्सपिअर त्याने इतरांइतकाच पाठ केलेला होता.

ऑक्सफर्डात पोचून दोन महिने होतात न होतात तोच नोव्हेंबर आला. नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकन लोकांचा ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण असतो. इंग्लंडातून १६२० साली जहाजाने निघून गेलेल्या कुटुंबांनी नव्या भूमीवर पहिले पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानून जेवण केले, अशी त्याची कथा. घरापासून दूर असलेला अमेरिकन दुसरे सारे सण विसरेल, हा विसरणार नाही. आपल्यास परदेशी दिवाळी, तसा त्यास हा. ऑक्सफर्डातील अमेरिकन विद्यार्थ्यांचा एक क्लब होता, आणि तो दर वर्षी या दिवशी मेजवानी करी. १९०७ च्या मेजवानीस लॉकला बोलावणे नव्हते. दक्षिणेकडील विद्यार्थ्यांनी हरकत घेतली, आणि इतरांनी ती मानली.

यातील विपरीत असे की, हर्टफर्डच्या दालनात तो रोज इंग्रज मुलांच्या शेजारी बसून जेवत होता. परक्यांनी बाक सरकवून जागा दिली. स्वदेशीयांनी, आणि तेही परदेशात, पान मांडू दिले नाही. या मंडळींनी स्काउटकडून जोडे पुसून घेताना पहिले आठ दिवस जी लाज अनुभवली असेल, ती या वेळी कोठे गेली होती? तथापि आम्ही त्यांस फार मोठ्याने हसू नये. पंक्तिप्रपंच हा शब्द आपल्याच कोशातला आहे; आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजोळी, कोणाचे पान ओटीवर, कोणाचे अंगणात, आणि कोणाचे मांडावयाचेच नाही, हे ठरलेले होते. ते ज्यांनी पाहिले त्यांतील काही अजून हयात आहेत.

त्या वेळी ऑक्सफर्डात होरेस कॅलन नावाचा एक अमेरिकन यहुदी तरुण होता. हार्वर्डात लॉक ज्या वर्गात शिकला, त्या वर्गास तो साहाय्यक शिक्षक होता. त्याने मेजवानीस जाण्याचे नाकारले आणि लॉकला चहास बोलाविले. कॅलनचे मन तरी निर्मळ होते काय? नव्हते. आपल्या जुन्या प्राध्यापकास लिहिलेल्या पत्रात त्याने लॉकच्या वंशाविषयी स्वतःची नावड स्पष्ट कबूल केली आहे. आम्हांस या कबुलीमुळेच त्याची कृती मोलाची वाटते. मनातील किल्मिष जाईपर्यंत थांबला असता तर तो चहा झालाच नसता. प्राध्यापकाकडून मिळालेले उत्तर उत्साहवर्धक नव्हते. ते दुसऱ्या पक्षास अनुकूल होते. पुढे कॅलनने निरनिराळ्या समाजांनी आपापली वैशिष्ट्ये राखून एकत्र नांदावे, असा विचार मांडला. त्यास त्याने ‘सांस्कृतिक बहुविधता’ असे नाव दिले, आणि तो शब्द लॉकशी झालेल्या बोलण्यातून निघाला असे तो स्वतः सांगत असे.

लॉकने पुढे आपली पंगत आपणच मांडली. दक्षिण आफ्रिकेतून येऊन जीझस कॉलेजात शिकणारा पिक्स्ली सेमे हा झुलू तरुण त्याचा मित्र झाला. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील जी संस्था पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून गाजली तिच्या संस्थापकांपैकी हा एक. ‘कॉस्मोपॉलिटन क्लब’ नावाच्या मंडळात लॉक वावरू लागला. त्यात निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी जमत, त्यांत हिंदी विद्यार्थीही होते. मंडळाचे एक मासिकही निघाले, आणि त्यात लॉकने लिहिले. आईस तो पत्रांमागून पत्रे लिही. पदवी मात्र त्याने घेतली नाही. १९१० साली तो बर्लिनास निघून गेला. हार्वर्डची डॉक्टरेट त्यास १९१८ साली मिळाली, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्याने अनेक वर्षे तत्त्वज्ञान शिकविले, आणि १९२५ साली आपल्या समाजातील नव्या लेखक-कवींचे साहित्य एकत्र करून त्याने ‘द न्यू नीग्रो’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्यानंतर त्याच्या समाजातील विद्यार्थ्याची ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी पुन्हा निवड होण्यास १९६३ साल उजाडावे लागले. मधली छप्पन्न वर्षे ते वाक्य मृत्युपत्रात जसेच्या तसे होते. स्त्रियांस तर ही शिष्यवृत्ती १९७७ पर्यंत खुलीच नव्हती.

आजच्या अमेरिकन विद्यार्थ्याच्या खोलीत ऊन पाणी येते, भिंतीवरील नळ्या तापतात, दरवाजे नऊ वाजता लागत नाहीत, आणि घरच्यांचे तोंड रोज काचेवर दिसते. त्या गोल टोप्यांच्या शिपायांचे दल २००३ साली बरखास्त झाले. झगा परीक्षेस अजूनही लागतो. तो ठेवावा की नाही यावर २०१५ साली विद्यार्थ्यांचीच मते घेतली, तेव्हा मोठ्या बहुमताने ‘ठेवावा’ असा कौल पडला. ट्यूटरची खुर्ची आहे, निबंध आहे, चिलीम गेली.

लॉक १९५४ साली वारला. त्याचे दहन झाले. मागे बायको नाही, मूल नाही. अस्थी पुष्कळ वर्षे हॉवर्ड विद्यापीठात एका डब्यात राहिल्या. २०१४ च्या सप्टेंबरात त्याच्या समाजातील पुढील पिढ्यांच्या ऱ्होड्स विद्यार्थ्यांनी वर्गणी गोळा करून वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल स्मशानभूमीत जागा घेतली, आणि एकत्र जमून, मरणानंतर साठ वर्षांनी, त्या अस्थी भूमीत ठेविल्या.